गाळलेली पानं

११ जानेवारी १९६९

एकाहत्तर! शंभरातली एकोणतीस पानं आमची जुळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "शालूबाई, झोप एकच आहे. दोघांना दोन कशा दिसतात?" हाच प्रश्न मला त्यांना विचारता आला असता, पण माझ्या नेमणुकीवर सही त्यांची असते.

माझं काम कोणाला सांगायची सोय नाही. रात्रपाळीचा मदतनीस देवमन कोणाच्या तरी डोक्याला, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीला तारा चिकटवतो. यंत्राच्या लेखण्या सकाळपर्यंत कागदावर रेघा ओढतात. दिवसा मी तो गठ्ठा उलटते. अर्ध्या मिनिटाचं एक पान. प्रत्येक पानाची झोप किती गाढ ते लिहायचं — एक ते चार. माणूस जागा असेल तर 'जा'. स्वप्नाची झोप असेल तर 'स्व'. एका रात्रीची नऊशे पानं! तीच पानं डॉक्टर वेगळे बसून तपासतात. मग देवमन दोघांचे तक्ते शेजारी ठेवून ताळा बघतो. जे पान जुळत नाही ते गाळायचं — हा डॉक्टरांचा नियम. पंच्याऐंशीच्या वर जुळलं तर एप्रिलपासून मी कायम. नाही जुळलं तर मी घरी. डॉक्टर मात्र तसेच!

आई म्हणाली, "बीयश्शी केलं अन् लोकाईच्या झोपीले मार्क देऊन राह्यली. नापास कोन होते वं त्याच्यात?"

मी, आई.

१६ जानेवारी

अकोल्याच्या एका जिनिंगमधून सहदेव नावाचा माणूस आला आहे. जिनच्या रुळांत कापूस सारायचं काम करतो, आणि उभ्या उभ्या झोपतो. मॅनेजरचं पत्र सोबत आहे : आजार असेल तर गेटवर बसवू, आळस असेल तर मशीनवरच राहील.

आमच्या आयाने, गोदाबाईने, त्याचं डोकं रिठ्याने तीनदा धुतलं. तेल असलं की तारा चिकटत नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाली, "पावशेर तेल निंगालं वो बाई! दोन घाने भजे झाले असते."

सहदेव हळूच म्हणाला, "जयभीम ताई. तुमी आपल्यातल्या हा, म्हनून सांगतो. रुळापाशी डोया लागला त हात जाईन माहा. नीट पाहा." म्हटलं, पाहते. कागदावर ना जात दिसते ना ओळख, नुसत्या रेघा दिसतात. या नोकरीत मला सर्वांत आवडतं ते हेच.

२० जानेवारी

सहदेवच्या तीन रात्री घेतल्या. पहिली धरायची नाही, नव्या जागी कोणालाच नीट झोप लागत नाही. पण सराव म्हणून ती दोघांनी तपासली. दिवा मालवून चार मिनिटं झाली नाहीत तोच डोळे भराभर फिरताहेत, हनुवटीची रेघ सपाट. स्वप्न! मी लिहिलं 'स्व' — ओळीने अडतीस पानं. डॉक्टरांच्या तक्त्यात त्याच पानांवर 'एक'.

"स्वप्नाची झोप दीड तासाच्या आत येत नाही."

"पण आली आहे."

"हनुवटीची तार सुटली असेल."

देवमन म्हणाला, "तार त पक्की होती साहेब." डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो न सांगता चहा आणायला गेला.

३ फेब्रुवारी

सहदेव आजारी निघावा असं मला वाटतं. म्हणूनच मला 'स्व' दिसतंय की काय? डॉक्टर परदेशात दोन वर्षं हेच शिकून आले. मी तिवशाहून आले.

५ फेब्रुवारी

उरलेल्या दोन रात्री तपासल्या. पुन्हा तेच — दिवा मालवला की स्वप्न. ऐंशी पानं.

लिहिलं : एक. एक. एक. ऐंशी वेळा. हात जराही अडखळला नाही!

८ फेब्रुवारी

अठ्ठ्याऐंशी! डॉक्टरांनी पेढे मागवले. "आता तुमची नजर तयार झाली." पेढा चांगला होता. दुसराही घेतला.

१० फेब्रुवारी

अकोल्याला पत्र गेलं : जुळलेल्या पानांत कोणताही दोष आढळला नाही. पाकीट मीच चिकटवलं. लाज वाटली.

२४ फेब्रुवारी

तक्ते फायलीत लावताना सहज पाहिलं, गाळलेली पानं कोणती. ती कोणी बघत नाही — गाळलेलीच ना ती!

सहदेवची ऐंशीच्या ऐंशी पानं त्यांत आहेत. माझ्या तक्त्यात 'एक'. डॉक्टरांच्या तक्त्यात 'स्व'.

पुन्हा पुन्हा पाहिलं. 'स्व'च.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरांना सांगून टाकलं. "मला स्वप्न दिसत होतं. तुमच्याशी जुळावं म्हणून 'एक' लिहिलं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आणि मला 'एक' दिसत होतं. आपल्याला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या लोकांनाही पंच्याऐंशीच हवे आहेत. म्हटलं, या बाई काही ऐकायच्या नाहीत, आपणच वाकू." माझा तक्ता पुढे ओढून म्हणाले, "म्हणजे या माणसाकडे कोणीच पाहिलं नाही."

मला हसू आलं आणि रडूही. दोघं दोन खोल्यांत बसलो आणि ऐंशी पानं नव्याने पाहिली. या वेळी खरंच पाहिली. दोघांचंही 'स्व'! डॉक्टरांनी परदेशी अंक धुंडाळले. असे रोगी तिकडे सापडले आहेत, आणि हा झोपेचाच आजार आहे. आजच्याच टपालाने दुसरं पत्र पाठवलं. दुपारी डॉक्टरांनी स्वतः माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

११ मार्च

मॅनेजरचं उत्तर आलं. "आपल्या पहिल्या पत्रात आजार नाही, दुसऱ्यात आहे. दोन्ही पत्रे परस्परांशी जुळत नसल्यामुळे विचारात घेतलेली नाहीत. कामगार मशीनवर आहे."

तक्रार कोणत्या तोंडाने करायची? डॉक्टर म्हणाले, तिसरं पत्र लिहू. लिहा! सारखे ते रूळ डोळ्यांपुढे येतात.

१३ मार्च, अकोला, एस.टी. स्टँड

डॉक्टरांना न विचारता आले. मॅनेजरनी सहदेवला बोलावलं, पण माझे तक्ते हाताने बाजूला सारले. "कागद पुरे झाले, बाई."

तेव्हा सहदेव म्हणाला, "साहेब, मले हासवून पाहा. हासलो का माहे पाय जाते."

परदेशी अंकांत या आजाराची हीच खूण दिली होती. "हे आधी काहून नाही सांगितलं, दादा?" मी विचारलं.

"तुमी झोपीचंच इचारलं ताई. जागेपनीचं कोनी इचारलंच नाही."

त्याने कोपऱ्यातलं पोतं ओढलं, अंथरलं आणि त्यावर उभा राहिला. माझ्याकडे बघत.

मला एकही विनोद आठवेना. शेवटी घडलं तेच सांगितलं — मी डॉक्टरांचं धरून लिहिलं, डॉक्टरांनी माझं धरून, आणि दोघांनी मिळून नेमकी त्याचीच पानं गाळली.

सहदेव हसायला लागला. जबडा लोंबला, गुडघे गेले, तो पोत्यावर कोसळला. डोळे टक्क उघडे, माझ्याकडेच बघत — तो जागाच होता. मॅनेजर खुर्ची पाडून धावले.