बाहेरचं मशीन, घरचं नाव

मी, हिलाल उखर्डू पाटील, वय एकोणपन्नास, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार देवपूर, धुळे, एकवीरादेवीला स्मरून आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नी रूपाचं त्याबद्दल वेगळं मत आहे, पण ते तिने लेखी दिलेलं नाही.

तब्येत ठीक आहे. लिहायचं कारण स्नेहल. ती रूपाच्या वारलेल्या बहिणीची मुलगी, चालायला लागली तेव्हापासून आमच्या घरी आहे. आम्हाला दुसरं मूल नाही. कागदोपत्री दत्तक घ्यायचं राहून गेलं, त्यामुळे हे लिहिलं नाही तर आमच्या पश्चात कायद्याने तिला काहीच मिळणार नाही.

१. राहतं घर रूपाचं. तिच्यानंतर स्नेहलचं.

२. शिंदखेडा तालुक्यातल्या शेतातला माझा वाटा पुतण्या राकेश याला. तो अधूनमधून तिथे जाऊन फोटो तरी काढतो, मी तेवढंही करत नाही.

३. दुकान, बेंच, चिमटे, पेचकस, सगळं स्नेहलला.

या कलमाला माझे मोठे भाऊ चुडामण यांची हरकत आहे. ते जळगावला डाळमिल चालवतात. स्नेहल त्यांना लहानपणापासून मोठे बाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, म्हणते. ते पाहुण्यांना तिची ओळख 'रूपानी बहिननी पोर' अशी करून देतात. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते ओट्यावर बसून म्हणाले, "हिलाल, पोर गुनी शे, पन ती आपली नई. दुकान राकेशना नाववर कर." राकेशला घड्याळातलं किती वाजले एवढंच कळतं, आणि तेही तो मोबाईलमध्ये बघतो.

भाऊ, तुमचं ते परदेशी घड्याळ, जे दिसावं म्हणून तुम्ही थंडीतही बाही दुमडून फिरता, ते दिवाळीत मागे पडू लागलं म्हणून माझ्याकडे आलं होतं. मी उघडलं. आतलं मशीन त्या कंपनीचं नाही. दुसऱ्या कारखान्यात जन्मलेलं आहे. तसंच मशीन कितीतरी कंपन्या विकत घेतात, आणि तुमच्याहून पुष्कळ साध्या घड्याळांतून माझ्या बेंचवर येतं.

घाबरू नका, तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. तुमच्या कंपनीने ते मशीन आणून पूर्ण सुटं केलं. चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या कडा तिरक्या घासून आरशासारख्या केल्या, वर सरळ रेघा ओढल्या. खाली, जिथे माझ्यासारख्याशिवाय कोणी पाहणार नाही, तिथेही एकमेकांत गुंतलेली बारीक वर्तुळं उमटवली. स्क्रू तापवून निळे केले. उभं, आडवं, पालथं ठेवून वेळ जुळवली. मग हात हलला की फिरतो तो रोटर स्वतःचा बसवला आणि त्यावर नाव कोरलं. एवढं केल्यावर ते मशीन त्यांचंच झालं. मीही त्यांचंच म्हणतो. फक्त पार्ट मागवताना कारखान्याचा नंबर सांगतो.

स्नेहल श्वास रोखून केसाएवढी स्प्रिंग सरळ करते, ती पद्धत माझी. चूक झाली की उलट मलाच ओरडते, ती रूपाची. तिला परकी म्हणायचं असेल तर ते घड्याळही मनगटावरून काढून ठेवा, भाऊ. नियम दोघांना एकच लावा.

४. गल्लीतल्या देवीच्या मंदिरातल्या घड्याळाला स्नेहलने चावी देत जावी. ते थोडं पुढे आहे, तसंच राहू द्यावं. पुजारी उशिरा उठतात.

५. साक्षीदारांना काही देऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून शेजारचा टायरवाला चिंधा याला काही देत नाही. डोळ्याला लावायचं माझं एक भिंग त्याने पायातला काटा काढायला नेलं आहे, ते परत येईल अशी आशा सोडली आहे. भाऊंनाही काही नाही. त्यांचं घड्याळ स्नेहल दुरुस्त करेल. पैसे घ्यायचे की नाही, तिने ठरवावं. माझं मत, घ्यावेत.

सह्यांआधी भाऊंना दुकानात बोलावून हे वाचून दाखवलं. पुढे झालं तेही इथेच लिहितो.

भाऊंनी मनगटावरचं घड्याळ काढून स्नेहलपुढे ठेवलं. "उघड." तिने मागचं झाकण काढलं. भाऊंनी भिंग डोळ्याला धरून बराच वेळ पाहिलं.

"नाव कोनं शे यावर?"

"कंपनीचंच, मोठे बाबा."

"आनि मशीन त्यासनं नई?"

"बाहेरून आणलेलं. पण आता त्यांचंच."

"मंग लाव झाकन. धूळ जाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेन दे. आनि सर्व्हिसना पैसा मी देवाव नई, सांगी ठेवस."

साक्षीदाराच्या नावापुढे मी 'मोठे भाऊ' असं नातं लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी खोडून दुसरं लिहिलं. ती खाडाखोड मला मान्य आहे.

ठिकाण: देवपूर, धुळे
दिनांक: १२ जून २०२५

लिहून देणार: हिलाल उखर्डू पाटील (सही)

साक्षीदार: चिंधा सोनवणे, देवपूर (सही)
नाते: शेजारी

साक्षीदार: चुडामण उखर्डू पाटील, जळगाव (सही)
नाते: स्नेहलचा मोठा बाबा