ह्यांना बोलतं करायचं खोकं

मंगळवार, ३ मार्च

बटण दाबलं. काही नाही. पंखा नाही, दिवा नाही, साधी गुरगुरसुद्धा नाही! वायर बदलली, दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं. मढं नुसतं.

सुट्टीचा अख्खा दिवस घालवून एकेक भाग जोडला होता. हे खुर्चीतून बघत होते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून ह्यांचं तेवढंच हलतं — डोळे. म्हणून तर हा खटाटोप. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, डोळे पडद्यावरच्या कुठल्या अक्षरावर थांबतात ते कॅमेरा टिपतो आणि कॉम्प्युटर त्याचे शब्द करतो. तयार यंत्र आपल्या आवाक्यातलं नाही. सुटे भाग आणा, जोडा.

आणले. जोडले. आपटले तोंडावर.

बुधवार, ४ मार्च

भाऊजी पोट धरून हसले. "वहिनी, कारखान्यात भरतकामाचं मशीन चालवता, म्हणून हेही जमेल असं वाटलं होय?"

राग नाही आला. ह्यांचा हा धाकटा भाऊ मस्करी करेल नाहीतर काय करेल, पण मी दुपारपाळीला गेले की ह्यांच्याजवळ बसतो कोण? तोच. सख्ख्या बहिणी तर फिरकल्यासुद्धा नाहीत. शेजारीण म्हणते, देवमाणूस आहे हो. आहेतच.

आणि हे! भाऊजी दारात दिसले की डोळे गच्च मिटून घेतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

गुरुवार, ५ मार्च

दुकानदाराला फोन केला. "उघडलेला माल परत होत नाही, बाई. जोडताना काहीतरी चुकलं असणार. घरात कोणी पुरुषमाणूस नाही का?"

आहे की. खुर्चीत बसवून ठेवलाय.

शनिवार, ७ मार्च

आज सकाळी पॉवर सप्लाय सुटा केला. व्हिडिओत दाखवलं होतं तसं त्याच्या जाड प्लगमधली हिरवी तार आणि काळी तार कागदाच्या पिनेनं जोडली. पंखा फिरला! म्हणजे वीज येते. मग मरतंय कुठे?

म्हटलं, कॅबिनेटचं बटणच खराब असेल. त्याच्या वायरी काढल्या, मुख्य बोर्डावर त्या जिथे लागतात त्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. पंखा एकदा शहारला — थांबला. परत तेच. बटणाचा दोष नाही. आत कुठेतरी काहीतरी नको तिथे टेकतंय, शॉर्ट होतंय. कुठे, ते मात्र सापडेना.

रविवार, ८ मार्च

आज तोल गेला. ह्यांच्यासमोर उभी राहून बोलले, मोठ्यानं. "बोलता येत होतं तेव्हा काय बोललात हो माझ्याशी? वाढ. दिवा बंद कर. माहेरी कशाला जायचंय? एवढंच ना? आणि त्याच तोंडातून शब्द काढायला मी इथे बोटं सोलून घेतेय!"

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं नाही मी. वाहू दिलं.

भाऊजी आत आले, मला बाजूला घेतलं. "वहिनी, कशाला जिवाला त्रास करून घेता? दादाला काही कळत नाही. ते पाणी आपोआप येतं." मग म्हणाले, "खोकं विकून टाका. मी बघतो गिऱ्हाईक."

हो म्हटलं. काय करू? ह्यांनी बोलून बोलून काय बोलायचंय — चहा गार झालाय!

सोमवार, ९ मार्च

उद्या नेतात. सुटले एकदाची.

मंगळवार, १० मार्च

भाग आपापल्या डब्यांत भरावेत म्हणून सकाळी सगळं सोडवलं. बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवला. जाता जाता पॉवर सप्लाय जोडून त्या दोन टोकांना एकदा स्क्रूड्रायव्हर टेकवला.

चालू!!

पुठ्ठ्यावर चालतं आणि कॅबिनेटमध्ये मरतं! टॉर्च घेऊन कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. ज्या पितळी खुंट्यांवर बोर्ड बसतो, त्यातली एक मी जास्तीची लावली होती, बोर्डाला तिथे भोकच नाही. ती मागून टेकत होती. एवढीशी खुंटी! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. काढली, परत सगळं बसवलं, बटण दाबलं. घूं.

भाऊजी न्यायला आले. "राहू द्या," म्हटलं, "चालू झालंय." त्यांचा चेहरा पडला. गिऱ्हाइकाला शब्द दिला असेल बिचाऱ्यांनी. वाईट वाटलं.

गुरुवार, १२ मार्च

व्यायामाच्या बाईंनी कॅमेरा लावून दिला. अक्षरांवर डोळे ठरत नाहीत ह्यांचे. घामानं निथळले. 'हो' आणि 'नाही' तेवढं जमलं. मी विचारलं, "मी कोण ते कळतं?" हो. "कुठे दुखतं का?" हो. कुठे ते विचारेपर्यंत माझी पाळीची वेळ झाली. भाऊजी आले होतेच. पडदा बंद करून मी निघाले.

शुक्रवार, १३ मार्च

सकाळभर एकेक अक्षर. 'धाकटा नको. मारतो.'

"भाऊजी? मी नसताना?" हो.

आज कामावर गेले नाही. दुपारी दार वाजलं. "वहिनी, मी आहे!" कडी काढली नाही.