गोदाम उत्तम स्थितीत आहे

३ ऑगस्ट
आजपासून नियमित रोजनिशी. काल दरड कोसळून खोऱ्याचा एकमेव रस्ता बंद झाला. अकरा गावं तुटली. मला भीती अजिबात वाटत नाही. 'घरोघरी साठा नको, सगळा मका सरकारी गोदामात' हे धोरण माझंच. वर कळवलं : तीन महिन्यांचं धान्य सुरक्षित, गोदाम उत्तम स्थितीत.

४ ऑगस्ट
रखवालदार म्हणाला, साहेब, एकदा आत बघून घ्या, वास येतोय. दमट हवेत वास येतोच, हे त्याला समजावलं. जूनची तपासणी मी खिडकीतून केली होती. खिडकी चांगली मोठी आहे.

६ ऑगस्ट, सकाळी ११
रस्ता मोकळा व्हायला तीन आठवडे लागणार. उद्याच वाटप सुरू करायचं. ठाम निर्णय. हात थरथरतोय. चहा कमी करायला हवा.

७ ऑगस्ट
गोदामापर्यंत गेलो. कुलपाला किल्ली लावली. आत काहीतरी सरसरलं. 'कुलूप गंजले आहे' अशी नोंद करून परतलो. बायको म्हणाली, अहो, चेहरा पांढराफटक पडलाय. म्हटलं, उन्हाने. ऊन चार दिवसांत पडलेलं नाही, हे तिने उगाच काढलं.

९ ऑगस्ट
वाटप पुढे ढकललं. अर्जाचे नमुने संपलेत. शाळेच्या स्वयंपाकीणबाई आल्या. सत्तर मुलांच्या जेवणाचं काय, विचारलं. मी म्हटलं, प्रशासन तुमच्या पाठीशी आहे. त्या 'बरं साहेब' म्हणून गेल्या.
बायकोने आज पीठ वाटीने मोजून घेतलं. छातीत धडधडतंय. गॅस असावा.

११ ऑगस्ट
उघडलं. म्हणजे, रखवालदाराने खांदा लावला, मी मागे होतो. मागचा पत्रा उडालेला. पोती काळी पडलेली, काहींना कोंब फुटलेले. बोट लावलं तर आत गेलं. वरचाच थर खराब असेल, मी म्हटलं. त्याने तळातलं पोतं फोडून दाखवलं. उंदीर माझ्या बुटावरून गेला.
खालीच बसलो.

१२ ऑगस्ट
दाराला आतून कडी. लोक येणार. अहवाल लिहायला घेतला. 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द छान बसतो. मग एकेका गावाचं नाव लिहायला लागलो आणि चौथ्या, शाळेच्या गावाशी पेन अडलं. सत्तर मुलं. गॅस नाही हा. भीती आहे.

१३ ऑगस्ट, दुपारी
दार वाजलं. मी कपाटामागे. बायकोने उघडलं. स्वयंपाकीणबाई, डोक्यावर अर्धं पोतं मका. म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडचं पीठ संपत आलं असेल. घ्या."
बाहेर आलो. शाळेचं विचारलं. मुलं रोज पोटभर जेवतायत, म्हणाल्या. अकराही गावांत कणग्या भरलेल्या आहेत. माळ्यावर, पलंगाखाली, जिथे जागा मिळेल तिथे.
मी परिपत्रकाची आठवण करून दिली. शिवाय गोदामात एवढी पोती जमा झाली होती, ती कसली?
"तो मका निवडून बाजूला टाकलेला होता, साहेब. कोंबड्यांचा."
हा साठा कधीपासून लपवताय, विचारलं.
त्या ओशाळल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "तुम्ही बदली होऊन आलात तेव्हापासून."