ताराबाईंच्या आणि आमच्यामधली भिंत

८ फेब्रुवारी १९८४, बुधवार
वॉर्ड ऑफिसच्या काळेबाई येऊन गेल्या. इंजिनिअर आहेत, वयाने पोरगीच. कॉलनीच्या सभेत ठरलं तसंच होणार: पाडून चार मजली इमारती नाहीत, आहेत तीच घरं दुरुस्त करायची. छताला काठी लावली तर पोपडा थेट माझ्या शिलाई मशीनवर. ‘पावसाच्या आत व्हायलाच हवं,’ म्हणाल्या.

पण आमचं जोडघर. स्लॅब एकच, अर्धा आमच्यावर, अर्धा ताराबाईंवर. दोघांची संमती हवी. काम होईपर्यंत दोघांनीही डेअरीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायचं. ताराबाईंनी दारातूनच नाही सांगितलं.

नळावरून भांडण झाल्यापासून त्यांचं-आमचं बोलणं नाही. हे म्हणाले, ‘आता छत्री उघडून जेवत जाऊ.’

१० फेब्रु., शुक्र.
शेवटी मीच गेले. दार उघडं होतं. ‘काय हरवलं का?’ असं स्वागत झालं, तरी बसले.

गणपतराव खिडकीशी, लोखंडी कॉटवर. लकव्यानं उजवी बाजू गेलीय, वाचा नाही. मला बघून डावा हात थोडा उचलला. ताराबाई त्यांना कुशीवर वळवत होत्या, एकट्या.

‘ह्यांला घिऊन मी पत्र्यात जाऊ? संडास कुटं, नळ कुटं! तुमी जावा. आमी हितंच हाय.’

परत आले. इतके दिवस वाटत होतं, आडमुठी बाई. भिंतीपलीकडून रोज कॉटचा आवाज येतो, तो कशाचा हे कधी मनातही आलं नाही.

१२ फेब्रु., रवि.
ब्लाउजला हुक लावता लावता सुचलं. आधी आमच्या बाजूचं छत करायचं, तोवर आम्ही ताराबाईंकडे. मग त्यांचं, तेव्हा ते आमच्याकडे. पत्र्यात कुणीच नाही.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. ‘त्या बाईच्या घरात? आणि घोरण्याचं काय?’
‘तुमच्या की गणपतरावांच्या?’
हसले. म्हणजे चालेल.

१६ फेब्रु., गुरु.
ताराबाईंना घेऊन वॉर्ड ऑफिस. (तयार व्हायला तीन दिवस. ‘बघू’, ‘बघते’, ‘उगं डोकं खाऊ नगा’, मग आज सकाळी नवी साडी नेसून दारात हजर.) काळेबाईंना पटलं, पण अर्धा स्लॅब फोडायचा तर मधल्या भिंतीलगत टेकू द्यावे लागतील, वेळही जास्त. त्यांचे साहेब म्हणाले योजनेत असं नाही. काळेबाई हटल्या नाहीत, तिथल्या तिथे आकृती काढून दाखवली. साहेबांनी चष्मा पुसून ती जवळ ओढली. ‘करून बघा. जमलं तर बाकीच्या जोडघरांनाही विचारू.’

बसमध्ये ताराबाई माझ्या पुढच्या बाकावर. खाली उतरल्यावर शेंगदाण्याच्या पुडीतले अर्धे माझ्या ओंजळीत ओतले.

२७ फेब्रु., सोम.
ताराबाईंकडे मुक्काम. आमच्या घरात ठोकाठोक, भिंती हादरतात. एका खोलीत चौघं, मध्ये चादरीचा पडदा. त्यांची भाजी इतकी तिखट की ह्यांना उचक्या. ‘पुणेरी जीभ,’ ताराबाई म्हणाल्या, ‘बोलायला तिखट, खायला न्हाई.’ ह्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

संध्याकाळी ह्यांनी रेडिओ गणपतरावांच्या उशाशी लावला. क्रिकेट. चौकार गेला की गणपतराव डाव्या हाताने कॉटची पट्टी बडवतात. छापखान्यातलं काम संपवून आल्यावर हे आता आधी त्यांच्यापाशी जातात, मग चहा. मी काही

(दूध उतू गेलं. राहिलं.)

१२ मार्च, सोम.
आमचं छत झालं. पांढरं स्वच्छ. मान वर करून बघतच बसले.

आता गणपतरावांना इकडे आणायचं. दारातून बोळात वळताना कॉट अडकते, आणि उचलून नेताना त्यांना फार दुखतं. डोळ्यांतून पाणी आलं. काळेबाई म्हणाल्या, ‘मधल्या भिंतीला तडा आहेच, तेवढा भाग नव्याने बांधायचाच आहे. आधी तोच फोडू.’ गवंड्याने दुपारपर्यंत माणूस जाईल एवढी वाट केली. कॉट सरळ सरकली. गणपतराव आमच्या खिडकीशी.

ताराबाई त्या भगदाडात उभ्या राहिल्या, एक पाय इकडे, एक तिकडे. ‘आता कुटं ऱ्हाते म्हनून सांगू?’

२० मार्च, मंगळ.
त्या कपडे वाळत घालायला गेल्या की गणपतरावांकडे मी बघते. शिवता शिवता काहीबाही सांगत असते. ऐकतात. आज ताराबाई दुपारी सलग झोपल्या. उठल्यावर घाबऱ्याघुबऱ्या: ‘मला हाक का न्हाई मारली?’ म्हटलं, कशाला?

काळेबाई सांगत होत्या, पलीकडच्या ओळीतली तीन जोडघरं अशाच पद्धतीने करायला तयार झालीत. पोरगी खुशीत होती. तिला थालीपीठ खाऊ घातलं.

३१ मार्च, शनि.
त्यांचंही छत झालं. कॉट पलीकडे गेली. इकडे एकदम रिकामं वाटतंय, आवाज घुमतो.

राहिली फक्त वाट बुजवायची. मी काळेबाईंना विचारलं, तिथे दार बसवता येईल का. ‘नकाशात ही दोन वेगळी घरं आहेत, काकू. उद्या एक घर दुसऱ्या कुणाला मिळालं तर? साहेबांना विचारते. पण आधी तुम्ही दोघी ठरवा.’

ताराबाई म्हणाल्या, ‘दार म्हनजी कडी आली. कडी कुनाच्या बाजूला?’

ह्याचा विचार मी केलाच नव्हता. म्हटलं, तुमच्या बाजूला. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. भांडी घासायला गेल्या.

गवंडी सोमवारी येणार. विटा दोन्ही घरांच्या मध्ये रचून ठेवल्यात. त्यांच्यावरून हात लांब करून ह्यांनी आत्ताच रेडिओ पलीकडे दिला.