अँबॅसडरची मागची सीट

४ सप्टेंबर १९७८, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत तात्यासाहेबांचा पाइपांचा कारखाना आहे, त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर. मॅट्रिक होऊन मेंढरांमागं फिरलो, मग ट्रक शिकलो, आणि आता कार! मुकुंदवाडीत टेशनाजवळ खोलीही मिळाली. भिंतींना गिलावा नाही, पण दारात लिंब आहे. बायको बाना सिल्लोडकडं वाडीवर आहे, तिला आठवा लागलाय. दसऱ्याआधी तिला इथंच आणीन, म्हणजे घाटी दवाखाना जवळ.

गाडी पांढरी अँबॅसडर, जुनी. एकच खोड, चावीचं कुलूप मोडलेलं. स्टेरिंगखाली तारा लोंबतात. दोन जोडायच्या, तिसरी टेकवायची, की ठिणगी उडते आणि इंजिन धरतं. बंद करताना जोड सोडायचा. पहिल्याच खेपेला बोट भाजलं, तर वॉचमन कडुबा लई हसला. मीही हसलो.

९ सप्टेंबर

तात्यासाहेबांना सिल्लोडला नेऊन आणलं. हर्सूलचा तलाव काठोकाठ भरलाय. फुलंब्रीच्या पुढच्या फाट्यावर भर दुपारी एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, पदराखाली तान्हं लेकरू. तिनं हात केला. मी ब्रेकवर पाय ठेवला तसे तात्यासाहेब ओरडले, थांबायचं नाही म्हणून. आरशात पाहिलं तर त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

संध्याकाळी गाडी पुसली. तात्यासाहेब मागं डावीकडं बसले होते. उजवीकडची सीट उबदार लागली, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. उन्हानं तापली असेल.

१६ सप्टेंबर

नवं कुलूप बसवावं म्हणून शहागंजात कय्युमभाई मेकॅनिककडं गेलो. गाडी बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. दीड महिन्यात तीन कुलपं बसवली, म्हणाले, तिन्ही दुसऱ्या दिवशी मोडली. गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक आत बसून उतरून जातं. "मेरेकू नको बोलो, मल्हारीभाऊ. तुम्ही ही नोकरी सोडा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. माझ्याआधी बन्सी ड्रायव्हर होता. त्याचं गाव त्या फाट्यापासून आत. ऑगस्टात विद्यापीठाच्या नामांतरावरून खेड्यापाड्यांत बौद्धवाडे पेटवायला लागले, तेव्हा बायको-लेकराला आणायला त्यानं गाडी मागितली. तात्यासाहेबांनी चावी खिशात घातली. बन्सीनं पेचकसानं कुलूप फोडलं, तारा जोडल्या आणि निघाला. गीताबाईला आणि तान्ह्याला घेऊन फाट्यापर्यंत आलाही. तिथं जोड सुटून गाडी बंद पडली. तो वाकून तारा जुळवत होता आणि गीताबाई रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत होती. कुणी थांबलं नाही. मागून जमाव आला. तिघंही गेले.

ऑगस्टात आमच्या वाडीवरूनही माणसं काठ्या आणि रॉकेल घेऊन गेली होती. मी दाराला आतून कडी लावून बसलो. हे बानाजवळही कधी बोललो नाही.

२२ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत शेडमधून इंजिनाचा आवाज आला. जाऊन पाहिलं. गाडी चालू, आत कुणी नाही. तारा सुट्या, एकमेकींपासून वीतभर लांब. मागचं दार हळूच उघडलं, कुणाला बसवून घेण्यासाठी उघडावं तसं. कडुबा दारातूनच मागं फिरला.

तात्यासाहेबांना सांगितलं. बाहेर बोललास तर काढून टाकीन, म्हणाले. बाळंतपण तोंडावर आलंय. गप बसलो.

२९ सप्टेंबर

आता रोज. दुपारचे बारा वाजले की गाडी चालू होते. आज सीटवर हात ठेवला. ऊब होती. हाताखाली काहीतरी हललं — लेकरू कूस बदलतं तसं —

३ ऑक्टोबर, सकाळी

मेव्हण्याचा, केरबाचा, सिल्लोडहून कारखान्यात फोन. बानाला रात्रीपासून कळा. मूल आडवं आहे. आज नामांतरावरून बंद, एसटी नाही. तात्यासाहेबांकडं गाडी मागितली. पाया पडलो. मुंबईचे पाहुणे यायचेत, म्हणाले, गाडी मिळणार नाही.

बन्सीलाही असंच —

तारा जोडतो. कडुबानं न विचारता फाटक उघडलंय.

दुपारी दीड

वाडीवर पोचलो. बायका बानाला उचलून आणतायत, तेवढ्यात लिहितो. येताना फाट्यावर ती होती. हात केला. गाडी आपोआप हळू झाली. मी पाय दाबून धरला आणि तसाच पुढं आलो. पुन्हा थांबलो नाही. पुन्हा —

केरबा अजून सिल्लोडहून आला नाही. आक्काबाई सुईण गाडीत पाय ठेवून मागं सरली. येत नाय म्हणाली. दोघंच निघतो.

फाट्यावर

गाडी थांबली. मी थांबवली नाही. मागचं दार उघडलं, मिटलं. बाना सरकून बसली. कुणाला तरी जागा दिली. "दमलीय ओ बाई. बसू द्या." आरशात बाना एकटीच —

उतरून मागं गेलो, तर चारी दारं लागली. उघडत नाहीत. इंजिन चालू. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

वही मैलाच्या दगडावर ठेवून लिहितोय. कुणाला सापडली तर — बायको आत आहे — घाटीत न्या तिला —

काचेला डोकं टेकलं. म्हणालो, गीताबाई, मला ने. तिचा काय गुन्हा. गप मी बसलो होतो, ती नाय —

काचांवर वाफ. बाना किंचाळली. मग काही नाही. मग बाळ रडलं. माझं बाळ —

बाना कुणाला तरी म्हणतेय, "धरा बाई. नीट धरा."

बाळ गप झालं. चुटूचुटू प्यायचा आवाज येतोय. हाका मारतोय. बाना ओ देत नाही. बाना —

दगड घेतो. काच फो