रिलेच्या खोलीतला नियम

६ मे १९६८, सुवा

हिशेबखात्याचा प्रमुख म्हणून आज मीच सही केली. भिंगांची गणितं करणारं कारखान्यातलं जुनं रिलेचं गणकयंत्र शनिवारी कायमचं बंद होणार, मग मोडीत. नवं यंत्र तेच काम आवाज न करता करतं. निर्णय योग्य आहे. सही मात्र वाकडी आली.

ते यंत्र तोमिए चालवायची — माझी बायको. हजारो रिले, म्हणजे विजेवर उघडमीट करणाऱ्या कळा, एकदम कडकडत. खोलीत बोललेलं कुणाला ऐकू जात नसे. म्हणून तिनेच नियम घातला होता: यंत्राच्या ठेक्यात खोट जाणवली की डावा हात वर करायचा, आणि दोष सापडेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही.

जानेवारीत तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बोललेलं तिला समजत नाही, असं डॉक्टरांचं मत.

८ मे

माझी थोरली बहीण किनुताई आली. तोमिएच्या उशाशी बसूनच आम्ही सगळं ठरवलं. मात्सुमोतोच्या शुश्रूषागृहाची गाडी सोमवारी येईल. ताई पुटपुटली, "तिच्यासमोर नको रे बोलूस." मी म्हणालो, "तोमिए जानेवारीतच गेली, ताई. हे नुसतं शरीर उरलंय."

९ मे

आज तिने पेज घेतली नाही.

११ मे

यंत्राचा शेवटचा दिवस. तिला चाकांच्या खुर्चीतून घेऊन गेलो — का, ते मला नीट सांगता येणार नाही. यंत्राची दुरुस्ती पाहणाऱ्या मोरोझुमीने टोपी काढली. "या वहिनी! तुमच्यामागे या यंत्राने मला नुसता सासुरवास केलाय."

यंत्र सुरू झालं. थोड्या वेळाने तिचा डावा हात वर गेला. मी तो हळूच खाली आणू लागलो, तर मोरोझुमीने माझं मनगट धरलं. तेवढ्यात यंत्र अडलं! त्याने एक रिले शोधून काढला, त्यातली धूळ तिला दाखवली. मग तिने हात खाली घेतला.

"वहिनी आहेत तशाच आहेत, साहेब," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

१२ मे

म्हणजे बुधवारी उशाशी बोललेलं तिने सगळं ऐकलं.

१३ मे

गाडी परत पाठवली. तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. म्हणालो, "तू इथेच राहशील. ते उगाच बोललो गं, माझ्या मनात तसं नव्हतं."

तिने डावा हात वर केला.

पुन्हा तेच म्हणालो. हात खाली आला नाही.