समसमान मतं

३ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. म्हणजे मी, हे आणि माझं शिलाई मशीन. सोन्या छावणीत आहे.

सभागृहाला विचारल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांनी सैन्य सीमेपार धाडू नये, एवढाच तो ठराव. मतं समसमान पडली आणि तो बारगळला. पेपरात गैरहजर म्हणून तुझं एकट्याचं नाव! लहानपणी बाबांचा आवाज चढला की तू गच्चीवर पळायचास आणि ओरडा मी खायचे. खासदार झालास तरी सवय तीच? तुझ्या प्रचारात दारोदार फिरून माझ्या टाचा फुटल्या, त्या यासाठी? आता एका माणसाची लहर फिरली की सोन्याची तुकडी निघणार. नुसता संताप होतोय.

लोभ आहेच, पण सध्या मागू नकोस.
ताई

१० मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

कान अजून गरम आहेत. तू चिडलीस की अक्षर मात्र सुरेख काढतेस!

पक्षाचा आदेश होता, ठरावाला मत द्यायचं नाही. दिलं असतं तर पुढचं तिकीट गेलं असतं. म्हणून फोनचं निमित्त करून बाहेर थांबलो. पण हातावर हात ठेवून बसलो नाही हं. वर शब्द टाकला आणि सोन्याचं नाव तुकडीतून काढून घेतलं. आता तो कोठारात बूट नि पांघरुणं सांभाळेल. दाजींना म्हणावं, निवांत झोपा.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
तुझाच धाकटा

२२ मार्च
चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आनंदाने रडले होते. त्याची आता लाज वाटते.

तुकडी सीमेपार गेली, तेव्हा सोन्याच्या जागी लंबूला पाठवलं. लंबू म्हणजे त्याच्या शेजारच्या खाटेवरचा. मागच्या सुट्टीत आपल्याकडे आला होता. त्याच्या पँटची शिवण उसवून मी लांबी वाढवून दिली, तरी घोटे उघडेच. परवा त्याला पेटीतून आणलं.

मी भेटायला गेले. त्याची आई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, तुमचा तरी वाचला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाच्यासाठी तुझं तोंड उघडलं, मग सभागृहात काय दातखीळ बसली होती? तिथे नुसता हात वर केला असतास, तर दोघंही आज छावणीत सुखरूप असते.

मी तिला सगळं सांगितलं. उद्याच्या गाडीने आम्ही दोघी तुझ्याकडे येतोय. दार तूच उघड. गच्चीचा जिना मला ठाऊक आहे.

बाकी समोरासमोर.
ताई